मागून येणारी ढुशी

नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलो, दादानं ब्रेकवर पाय ठेवला आणि माझ्या पाठीला मागून हलकीशी ढुशी बसली. जोराची नाही. मांडीवरच्या डब्यातले उरलेसुरले शेंगदाणे एका कडेला गोळा झाले, एवढंच. मग थोड्या वेळानं दुसरी, जरा ठसठशीत. वळून पाहिलं तर मागच्या काचेत बोटीचं पांढरं नाक, ताडपत्रीचे ताणलेले दोर आणि त्यांच्या पलीकडे दिवे रोखून अगदी अंगाला चिकटलेला एक ट्रक. रविवारची संध्याकाळ होती, भाटघरच्या पाण्यावरून आम्ही परत येत होतो, कपड्यांना पेट्रोलचा आणि गाळाचा वास येत होता. "हे काय होतंय?" मी विचारलं. "काही नाही गं, ट्रेलर ढकलतो जरा. तो असाच आहे." बोलता बोलता दादाचा पाय पुन्हा ब्रेककडे गेला. पुढची गाडी तेव्हा इतकी लांब होती की तिचा नंबरही वाचता येत नव्हता.

तो असाच आहे.

घरी आले, अंघोळ झाली, पिठलं-भात झाला, तरी हे तीन शब्द काही डोक्यातून जाईनात. त्या उताराबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. बोगद्यापासून नवले पुलापर्यंत रस्ता सलग खाली येतो, आणि रुंद, गुळगुळीत असल्यामुळे तो उतार आहे हे कळतच नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकनं तिथे कितीतरी गाड्या चेपल्या, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. दर अपघातानंतर तीच चर्चा होते: उतार लागला की ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतात, चार पैशांचं डिझेल वाचवतात, मग इंजिनाचा अटकाव संपतो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक हळूहळू धरेनासा होतो. रात्री मी कागद घेऊन बसले. बोट, तिचं इंजिन आणि ट्रेलर मिळून साधारण १२०० किलो. ताशी ६० ला या वजनात जेवढी ऊर्जा असते, ती ८० ला पावणेदोन पटीच्याही पुढे जाते. वेग वाढलाय फक्त एक-तृतीयांश, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. आणि ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन कुठेतरी जिरायला हवी. कुठे जिरत होती?

इथे थोडं बोटीबद्दल, कारण "पुण्यात बोट?" हा प्रश्न दर सिग्नलला येतो. बाइकवरचे दोघं काच खाली करायला लावून "काका, किती सीटर?" विचारतात. पुणेकराला पाणी म्हटलं की नळ किती वाजता येतो तेवढंच आठवतं, पण याच मुळा-मुठेच्या काठी १८६८ पासून एक बोट क्लब आहे आणि इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे नावांचा उत्सव, १९२८ पासून चालत आलीय, मग नदीत पाणी असो की जलपर्णी. दादाची बोट मात्र त्या घराण्यातली नाही. साधी फायबरची, मागे इंजिन टांगलेली, दोन मित्रांच्या भागीदारीत घेतलेली आणि मित्रांचा उत्साह ओसरल्यावर एकट्याच्या गळ्यात पडलेली. एरवी ती धायरीत एका नातेवाइकाच्या रिकाम्या प्लॉटवर, शेवग्याच्या झाडाखाली उभी असते. दिवाळीत तिला कोकणात नेतात, उन्हाळ्यात धरणांवर. ट्रेलर मुंबईहून सेकंडहँड आलेला. वहिनीच्या मते ही बोट म्हणजे दादाचं पन्नाशीतलं खूळ आहे. माझं मत अजून ठरलेलं नाही. पाण्यात असते तेव्हा ती फार सुंदर दिसते, हे मात्र खरं.

शेवटी मीच मागे लागले आणि एका सकाळी ट्रेलर गाडीला जोडून आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका गॅरेजात गेलो. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, ऑइल मुरून काळी झालेली जमीन, आणि खुर्चीवर चष्मा कपाळावर चढवलेले एक मिस्त्री. ट्रॅक्टर, पिकअप, ट्रॉल्या हा त्यांचा धंदा. दादा सांगायला लागला, ब्रेक तसा लागतो, पण उतारावर जरा… मिस्त्रींनी ऐकून घेतलं की नाही कोण जाणे. ते उठले, ट्रेलरच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले, आधी हाताची पाठ हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, जवळ नेली, मग तळवा टेकवला. पलीकडे जाऊन उजव्या चाकाला तेच केलं. परत डावीकडे आले, परत उजवीकडे. मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही हात लावून बघा." डावं चाक कोमट होतं. उजवं गार.

"गार चाक काम करत न्हाई," मिस्त्री म्हणाले.

बेअरिंगमुळेही हब तापतो, म्हणून एकट्या चाकाला हात लावून काही कळत नाही. दोन्हींतला फरक पाहायचा, आणि तोही गाडी थांबल्या थांबल्या. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण बरोबर माणसाकडे आलोय. दादाचा चेहरा मात्र जरा उतरला होता. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं ब्रेक लागतोच आहे की! मिस्त्री हसले. "लागतोय, पण तुमच्या गाडीचा लागतोय. हिला ओढतीबी तुमची गाडी आन् थांबवतीबी तुमचीच गाडी."

या ट्रेलरच्या ब्रेकला पेडल नसतं, वायर नसते, ड्रायव्हरचा त्याच्याशी थेट काही संबंधच नसतो. गाडीनं ब्रेक मारला की गाडी मंदावते, पण मागचा ट्रेलर आपल्या वेगात असतो, तो पुढे ढकलतो. गाडीच्या मागच्या जोडणीच्या बॉलवर बसणारा ट्रेलरचा जो कपलर असतो त्याचा एक भाग त्या ढकलण्यानं आत सरकतो, आत बसवलेल्या मास्टर सिलिंडरचा दांडा दाबतो, ब्रेक ऑइलचा दाब चाकांपर्यंत जातो आणि ट्रेलर स्वतःच स्वतःला आवरतो. जितका जोरात ढकलेल, तितका जास्त आवरेल. मला हे फार आवडलं. यात एक मेख मात्र आहे. गाडी रिव्हर्स घेताना कपलर तसाच आत दाबला जातो आणि ट्रेलर अडून बसेल. म्हणून चाक उलटं फिरलं की ब्रेक सुटा व्हावा अशी सोय बऱ्याच ट्रेलरांच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या गोल डब्यात, केलेली असते. त्यामुळे असा ब्रेक तपासताना जॅकवर उचललेलं चाक पुढच्याच दिशेनं फिरवायचं. मागे फिरवून "लागतच नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात, असं मिस्त्री म्हणाले. आणि लांब उतारावर ट्रेलर सारखा ढकलत असतो, त्याचा ब्रेक सारखा थोडा लागलेलाच असतो, म्हणून आधीच खालच्या गिअरमध्ये हळू उतरायचं. तो वेगात आला आणि मग आवरायला गेलात तर उशीर झालेला असतो.

ट्रेलर गाडीपासून सोडवला, चाकांना दगड लावले. मिस्त्रींच्या पोरानं पहार घातली आणि कपलर आत रेटला. तो इंचभर जाऊन दाणकन अडायला हवा होता. हा सरकतच गेला, जवळजवळ शेवटपर्यंत, आणि मग कुठे जडसा झाला. म्हणजे ढुशी बसत होती ती इथली. ट्रेलरला गाडीपर्यंत पोचायला एवढी मोकळी जागा मिळत होती, आणि तिथे पोचल्यावरही निम्माच ब्रेक लागत होता. बाकीचा भार दादाच्या गाडीनं उचलला होता, आणि गाडीला झेपेनासं झालं तसतसा दादाच्या पायानं उचलला होता. पाय थोडा आधी पडायला लागला. मग आणखी थोडा आधी. कुणी ठरवून केलं नाही. पुढच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही इतक्या लांबून ब्रेक मारणं ही दादाची सावध चाल आहे असं आम्ही सगळे समजत होतो. वहिनी तर कौतुकानं सांगायची, बोट मागे असली की हे किती सांभाळून चालवतात.

मला त्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबा आठवले. बाबा पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते, मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस. रिटायर झाल्यावर कधीतरी त्यांचे शब्द सांडायला लागले, पण ते आम्हांला कळलं नाही, कारण आई शेजारी असायची. "अरे, तो आपला… तो सदाशिव पेठेतला…" बाबा म्हणायचे, आणि आई कढईत झारा हलवता हलवता नाव सांगायची. "परवा आपण कुठे…" "तळ्यातल्या गणपतीला." इतकं सहज, इतकं बरोबर वेळेवर, की बाबांचं वाक्य एकसंध ऐकू यायचं. आम्ही म्हणायचो, काय जोडी आहे, एकाचं बोलणं दुसरा पुरं करतो. मग धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला आई नागपूरला गेली आणि पहिल्याच आठवड्यात बाबा दूधवाल्यासमोर पातेलं घेऊन उभे राहिले आणि त्याला काय मागायचं तेच त्यांना आठवेना. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं." मला तेव्हा तिचा राग आला होता. ठाऊक होतं तर बोलली का नाहीस? आज राग येत नाही, पण तो पुरता गेलाय असंही नाही. तिनं बाबांना सांभाळलं की लपवलं, हे मला आजही धड वेगळं करता येत नाही, आणि बहुधा तिलाही येत नसावं.

असो. उजवा ड्रम काही केल्या निघेना. कडेनं हातोडीचे ठोके, थोडं ऑइल, परत ठोके. निघाला तेव्हा आतून तपकिरी भुकटी सांडली आणि गंजाचा, जुन्या ग्रीसचा, किंचित समुद्राचा असा वास आला. कोकणातलं खारं पाणी कित्येक महिने त्या ड्रममध्ये राहिलं होतं. व्हील सिलिंडरमध्ये दोन पिस्टन असतात, दाब आला की ते बाहेर सरकून ब्रेक शूला ड्रमवर टेकवतात. इथे दोन्ही पिस्टन गंजून जागच्या जागी धरलेले. दाब येत होता, पण दारातून परत जात होता. शिवाय मागचं ऑइल सील गेलेलं, ग्रीस लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीवर, आलेलं. म्हणजे पिस्टन सरकले असते तरी लायनर घसरलाच असता. मिस्त्रींनी विचारलं, "पान्यात कधी घालता? आल्या आल्या?" दादा म्हणाला, हो, पोचलो की लगेच, जागा मिळायला नको का रॅम्पवर. तेच कारण निघालं. लांबून आलेले हब तापलेले असतात, आतली हवा फुगलेली असते. तसेच गार पाण्यात बुडवले की ती हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. चहा प्यावा, बोटीवरचं सामान लावावं, हब हाताला गार लागले की मग पाण्यात घालावं. आणि खाऱ्या पाण्यातून निघाल्यावर ड्रम गोड्या पाण्यानं धुवावेत. एवढंच.

डाव्या चाकात बिघाड असा नव्हता. लायनर झिजलेला, आणि झिजेप्रमाणे तो ड्रमजवळ आणणारी दातेरी चकरी कुणी कधी फिरवलीच नव्हती. कपलर इतका आत का जात होता त्याचं मुख्य कारण हेच: शू ड्रमपासून लांब, ते अंतर भरायलाच निम्मा दांडा खर्ची पडायचा. मिस्त्रींनी चकरी चाक पुरतं अडेपर्यंत फिरवली, मग थोडीथोडी मागे घेतली, चाक हातानं फिरेल पण शूचा खसखस आवाज येईल इथपर्यंत. तो आवाज ऐकायला ते मान तिरकी करायचे आणि पोराला कॉम्प्रेसर बंद करायला लावायचे. टाकीचं झाकण उघडलं तर ब्रेक ऑइल काढ्यागत काळपट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ चं नवं ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. उतारावर तापलेल्या चाकाजवळ ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचवत नाही. दादा तेवढ्यात म्हणाला, ऑइल तर मी दर वेळी वर भरतो. भरत होता, खरंच. उघडून ठेवलेल्या जुन्या डब्यातून.

सिलिंडर शोधायला आम्ही नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या त्या गल्ल्यांमध्ये अजून रबराचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा तोच वास आहे. बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करून इथे आणायचे, चेतकचे ब्रेक शू घ्यायला. त्यांची स्कूटर कधी कुणाला धडकली नाही, पण शनिवारी दुपारी ब्रेकची केबल ताणून बघणं हा त्यांचा नेम होता. माझ्या सायकलचे ब्रेक मात्र कायम रबर झिजलेले, आणि पर्वतीच्या उताराला मी चप्पल टायरवर घासून थांबायची हे त्यांना कधीच कळलं नाही. दुकानदारानं जुना सिलिंडर हातात घेऊन फिरवला, व्हर्नियर लावला, "पाऊण इंची" म्हणाला आणि माळ्यावरच्या पोराला हाक मारली. दादाला वाटलं, त्याहून मोठा घ्यावा, ब्रेक जास्त लागेल. दुकानदारानं त्याच्याकडे खास पेठी नजरेनं पाहिलं. मोठ्या सिलिंडरला ऑइल जास्त लागतं, कपलर परत खोल जाणार. आणि एका चाकाला मोठा, दुसऱ्याला लहान असेल तर ब्रेक मारल्यावर ट्रेलर तिरका होणार. म्हणून दोन्हीकडे नवे, जोडीनं, लायनरसकट. ब्रेक ऑइल सीलबंद, छोट्या बाटलीतलं. उरलं तर टाकून द्या, असं बजावून त्यानं बिल केलं.

ब्रेकच्या पाइपात अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायचं काम तिघांचं. पाइप ज्या चाकाला सगळ्यात लांबून जातो ते आधी. दादा पहारीवर, मिस्त्री चाकाखाली पान्यासह, आणि चाकामागच्या छोट्या तोटीला, निपलला, लावलेल्या पारदर्शक नळीचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवून धरलेली मी. "दाबा. धरून ठेवा." मिस्त्री निपल किंचित उघडायचे, नळीतून काळं ऑइल आणि बुडबुड्यांची माळ यायची, ते निपल बंद करायचे आणि मग म्हणायचे, "सोडा." बंद व्हायच्या आधी सोडलं तर हवा परत आत. दादा दोन-तीनदा घाईत सोडून मोकळा झाला आणि मिस्त्रींनी चाकाखालून जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हळूहळू बुडबुडे विरळ झाले, ऑइलचा रंग उजळत गेला, आणि एकदा दादा म्हणाला, "अरे, हे एकदम टणक लागतंय." त्याच्या आवाजात आश्चर्य होतं. मला वाटतं, चांगला ब्रेक हाताला कसा लागतो हे तो विसरून गेला होता. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होता, मागे दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडत. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "त्या उसाच्या ट्रॉल्यांना बघा. ब्रेकच नसतो. तुमच्या होडीचं नशीब थोर."

मग चाचणी. गॅरेजमागच्या रिकाम्या रस्त्यावर दादा गाडी घेऊन निघाला, मी शेजारी, मिस्त्री मागच्या सीटवर. मोकळा रस्ता, समोर लांबवर एक म्हैस. दादाचा पाय आपल्या सवयीनं पडला, लवकर आणि जोरात, आणि या वेळी मागचा ट्रेलर इमानदारीत लागला. आम्ही म्हशीपासून इतक्या लांब थांबलो की तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी दादा चमकायचा आणि गाडी आचके द्यायची. "जास्त कडक केलाय तुम्ही," तो म्हणाला. मिस्त्री उतरले, दोन्ही हबना हात लावला, मलाही लावायला सांगितला. दोन्ही सारखेच कोमट. "ब्रेक बरोबर हाय साहेब," ते म्हणाले, "पाय बिघडलाय तुमचा. त्याला हितं काय करत न्हाई आम्ही." महिन्याभरानं लायनर बसले की चकरी पुन्हा एकदा बघायला या, असं सांगून त्यांनी पैसे मोजून खिशात टाकले.

संध्याकाळी दादा आईला सगळं सांगत बसला होता. तिला बोटीत रस नाही, पण बोलणाऱ्यात आहे. "काय झालं होतं माहितीये का, त्या उजव्या चाकातला तो… तो…" "बेअरिंग," आई म्हणाली. "नाही गं, बेअरिंग नाही, तो असतो ना आत…" "टायर?" "सिलिंडर, आई. सिलिंडर जॅम झाला होता." "गॅसचा?" दादानं माझ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारून घेतला, आणि टेबलावरची मिठाची बरणी आणि मसाल्याचे दोन डबे जवळ ओढून, बरणी म्हणजे गाडी असं समजावत पहिल्यापासून सुरुवात केली.